विश्वासरावांना न लागलेली गोळी

अंजनेरीच्या डोंगरावर पहाटे उभं राहिलं की समोर सूर्य वर येताना दिसतो, आणि आमच्याकडच्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं की हनुमानानं फळ समजून त्याच्याकडे झेप घेतली ती इथूनच. खाली गावात पंचवटी. तिथे सोन्याचं हरीण दिसलं होतं. पलीकडे तपोवनात शूर्पणखेचं नाक कापलं गेलं. नाशिकच्या मुलाला अद्भुताच्या शोधात लांब जावं लागत नाही; शाळेत जातायेता ते वाटेतच भेटतं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आमच्या गावाला परके वाटले नाहीत, त्याचं एक कारण मला यात दिसतं. त्यांच्या पुस्तकांची नावं पाहा: 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', 'अंतराळातील भस्मासुर'. आजीच्या गोष्टींतली सगळी मंडळी इथे हजर. वामन यंत्रमानव होऊन येतो, आणि बळीच्या जागी आपण उभे असतो. केंब्रिजला ज्यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, ते फ्रेड हॉईल स्वतः कादंबऱ्या लिहायचे. शिष्यानंही लेखणी धरली, पण मराठीत, आणि आपलं नाव लपवून. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा आली ती नारायण विनायक जगताप या नावानं. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी फिरवलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत लिहिली होती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. जगभर नाव झालेला, पद्मभूषण मिळालेला माणूस आपली गोष्ट केवळ गोष्ट म्हणून उभी राहते का, हे आधी तपासून घेतो, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

माझी सगळ्यात लाडकी कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर भलत्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. का? तर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांच्यावर आलेली गोळी कानाजवळून निसटून गेली. बस, एवढंच. बोटभर अंतराचा फरक, आणि पुढचा सगळा इतिहास वेगळा. इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही, या विज्ञानातल्या अनिश्चिततेचा धागा धरून नारळीकर ही दोन जगं शेजारी मांडतात.

ही कथा नाशिकमध्ये बसून वाचताना मला गोपिकाबाई आठवतात. विश्वासरावांची आई. अखेरची वर्षं तिनं इथे, नाशिकजवळ गंगापूरला, गोदेच्या काठी काढली. १७६१ मध्ये विश्वासराव गेला, १७७२ मध्ये माधवराव, पुढच्याच वर्षी नारायणराव. १७८८ मध्ये ती गेली तेव्हा मागे एकही मुलगा नव्हता. कथा तिच्याविषयी नाही. पण गंगापूरच्या रस्त्यानं जाताना मनात येतंच की गंगाधरपंत ज्या जगात जाऊन आले, तिथे या बाईला इथे यायची वेळच आली नसेल. भौतिकशास्त्राचं एक कोडं घेऊन माणूस गोष्ट लिहायला बसतो, आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका आईसाठी आपल्या घशात आवंढा येतो. ही ताकद मी फार थोड्या लेखकांत पाहिली.

त्यांच्या चाहत्यांची जातही वेगळी. स्वाक्षरीसाठी वह्या पुढे आल्या की सर मुलांना सांगायचे: पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत शनिवारी व्याख्यानं ऐकायला आलेली कितीतरी मुलं अशी प्रश्न विचारायला शिकली. २० मे २०२५ ला सर गेल्याची बातमी आली, तेव्हा ओळखीच्या घरांतून लोकांनी जपलेली कार्डं बाहेर काढली. मोठ्या लेखकाची सही पुष्कळांकडे असते; आपल्याच प्रश्नाचं उत्तर किती जणांकडे असेल?

वादही तितकेच. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आमच्याकडे आहे, आणि विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या इथूनच जगभर निघाल्या. पुस्तक असं घरोघर फिरलं की त्यावर बोलणं होतंच. 'धूमकेतू' या कथेत पृथ्वीवर येऊ घातलेलं संकट टाळायला शास्त्रज्ञ अवकाशात अण्वस्त्र पाठवतात, आणि धूमकेतू शोधणाऱ्याची बायको घरी यज्ञ घालते. धूमकेतू टळतो. त्र्यंबकेश्वर ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या दिवाणखान्यात या कथेवर चर्चा कशी रंगत असेल ते सांगायला नको. एखाद्या मावशी म्हणणार, यज्ञ केला म्हणून काय बिघडलं? मग कुणीतरी पत्रिकांच्या चाचणीचा दाखला देतं. नारळीकरांनी दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीसह ज्योतिषांपुढे शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका ठेवल्या होत्या. नाणं उडवून जितकं बरोबर येईल त्यापलीकडे कुणी गेलं नाही. मावशी गप्प बसत नाहीत, आणि बसू नयेच. पण पुढचं पुस्तक त्या नारळीकरांचंच मागतात.

डिसेंबर २०२१ मध्ये चौऱ्याण्णवावं साहित्य संमेलन नाशिकला भरलं. याआधी १९४२ मध्ये इथे अध्यक्ष होते आचार्य अत्रे, २००५ मध्ये केशव मेश्राम. या वेळी पहिल्यांदाच विज्ञानकथा लिहिणारा शास्त्रज्ञ निवडला गेला होता. आम्ही हरखून गेलो होतो. प्रकृतीमुळे सर येऊ शकले नाहीत; त्यांचं भाषण तेवढं आलं, विज्ञानसाहित्याची बाजू मांडणारं. आडगावच्या त्या मंडपात मला पुन्हा गंगाधरपंतच आठवले. त्या दुसऱ्या मुंबईत एका सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते, पंत जाऊन तिथे बोलू लागतात, आणि लोक चिडतात. तिथे अध्यक्ष कुणालाच नको असतात. आमच्या मंडपात उलट होतं. जो तो त्यांनाच शोधत होता.

ग्रंथप्रदर्शनात कॉलेजची दोन पोरं माझ्या शेजारी पुस्तकं चाळत होती. एक म्हणाला, "दुसऱ्या जगात सर आत्ता व्यासपीठावर बसले असतील, बघ."

दुसऱ्यानं मान वर न करताच विचारलं, "पुरावा? पंतांच्या खिशात निदान बखरीचं फाटलेलं पान होतं. तुझ्या खिशात काय आहे?"

पहिल्यानं खरोखरच खिसे चाचपले.