एकटा जीव, सत्त्याण्णव सीसी

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने काही नवे करायचे मनात आणले, की आपल्याकडे त्याला तीन प्रश्न विचारले जातात. डॉक्टरांना विचारलंत का? घरी विचारलंत का? आणि, कशासाठी? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरे देता येतात; निदान थाप तरी मारता येते. तिसऱ्याचे काय करायचे? ऐरोलीहून कोल्हापूरला मोटारसायकलवरून, एकट्याने जाण्याचा बेत मी जाहीर केला, तेव्हा या तिसऱ्या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला. कोल्हापुरात माझे कोणी नातेवाईक नाहीत. अंबाबाईला नवस बोललेलो नाही. कोल्हापुरी चपलांचे दोन जोड घरात नुसते पडून आहेत.

"महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे की," आमचे हेड कॅशियर म्हणाले. "रात्री बसायचं, झोपायचं, सकाळी कोल्हापूर." नोटा मोजता मोजता ते हे बोलले आणि त्यांची मोजणी चुकली नाही, यावरून माझ्या बेताला त्यांनी किती महत्त्व दिले ते कळावे.

खरे कारण माझ्या गाडीच्या मीटरवर होते. गाडी म्हणजे २००८ सालची स्प्लेंडर. ९७.२ सीसी. बोलताना सगळे शंभरच म्हणतात आणि मीही वरच्या २.८ सीसीचे व्याज लावत नाही. टाकीवर अजून हिरो आणि होंडा अशी दोन्ही नावे आहेत. त्या दोघांनी २०१० च्या अखेरीस वेगळे व्हायचे ठरवले; पण काही घरांत लग्नाचा फोटो भिंतीवरून कोणी उतरवत नाही, तशातला प्रकार. या गाडीवर मी इतकी वर्षे बँकेत जातो. शाखा बदलत गेल्या. कोपरखैरणे झाले, तुर्भे झाले, नेरूळ झाले, बेलापूर झाले. ठाणे-बेलापूर रस्ता काही बदलला नाही.

अशात भाच्याने मला एक पुस्तक आणून दिले. टेड सायमन नावाचा एक पत्रकार १९७३ च्या ऑक्टोबरात लंडनहून ट्रायम्फ मोटारसायकलवर एकटाच निघाला आणि चार वर्षे जगभर फिरून परतला. हिंदुस्थानातूनही गेला. पुढे १९७९ साली त्याने 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' लिहिले, तेच हे पुस्तक. मला दोन आकड्यांनी खिळवले. निघताना त्याचे वय ४२ होते आणि तो एकूण सुमारे एक लाख किलोमीटर फिरला. कॉमर्सच्या माणसाला आकडा दिसला की दुसरा आकडा शोधल्याशिवाय चैन पडत नाही. मी रात्री खाली जाऊन बॅटरीच्या उजेडात माझा मीटर पाहिला. ९६ हजार! विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४० हजार ७५ किलोमीटर. म्हणजे माझ्या दोन प्रदक्षिणा होऊन तिसरी सुरू होती. सायमनने तेवढ्यात ४५ देश पाहिले. मी रबाळे आणि घणसोली पाहिली, रोज, दोन्ही बाजूंनी.

हे कारण मी सौ.ला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "एकटंच का पण?" या प्रश्नाला मात्र पुस्तकात उत्तर नव्हते. अठरा वर्षांत त्या गाडीची मागची सीट क्वचितच रिकामी गेली असेल. सकाळी ती स्टेशनपर्यंत, रविवारी भाजी आणि ती. "एकदा बघू म्हटलं, जमतं का," मी म्हणालो. "बघा," ती म्हणाली. मराठीत 'बघा' या शब्दाला परवानगी, धमकी आणि हताशपणा असे तिन्ही अर्थ आहेत. कुठला लागू आहे ते प्रवास झाल्यावर कळते.

तयारीला लागलो. माझ्या मते तयारीचे पहिले काम म्हणजे कागद. इतर लोक टायर तपासतात. लायसन्सच्या नूतनीकरणाला चाळिशीपुढे डॉक्टरांचा दाखला लागतो, तो मी आधीच दिलेला होता. त्या नमुन्यात एक कलम आहे: उमेदवाराला स्वच्छ उजेडात पंचवीस मीटरवरून गाडीचा नंबर वाचता येतो का? समोर सही नीट न जुळणारा चेक आला तर काउंटरच्या या बाजूने खातेदाराचा चेहरा वाचणाऱ्याला हे विचारणे म्हणजे जरा अपमानच. गाडीलाही पंधरा वर्षे झाल्यावर पुन्हा नोंदणी करावी लागते आणि मग पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. थोडक्यात, गाडी आणि मी दोघेही एक्स्टेन्शनवर आहोत. पीयूसी काढली. धुराच्या बाबतीत गाडी माझ्यापेक्षा निर्व्यसनी निघाली.

मग मेकॅनिक. आमच्या सेक्टरमधला हा माणूस गाडीकडे न बघता, नुसत्या आवाजावरून रोग ओळखतो. पूर्वी वैद्य नाडीवरून ओळखत तसा. कोल्हापूर म्हणताच त्याने गाडी दोन दिवस ठेवून घेतली. चेन-स्प्रॉकेट बदलले, ब्रेक शू बदलले, मागचा टायर-ट्यूब नवा घातला, कार्ब्युरेटर उघडून धुतला. नवी क्लच केबल त्याने जुनीच्या शेजारून घालून बांधून ठेवली. जुनी तुटली तर भर रस्त्यात फक्त टोके बदलायची, पाच मिनिटांचे काम. असली दूरदृष्टी आमच्या बँकेत असती तर सर्व्हर बंद पडला की लोकांनी माझ्याकडे पाहिले नसते. त्याने मला पंक्चर काढायला शिकवले. दोन पट्ट्यांनी टायर उचकटायचा, ट्यूब ओढायची, पाण्यात धरून बुडबुडा शोधायचा, घासायचे, सोल्यूशन लावायचे आणि ते वाळेपर्यंत थांबायचे. माझ्या हातांनी पाऊण तास घेतला. त्याने तेच आठ मिनिटांत केले, फोनवर बोलत.

"गाडी जाईल, साहेब," शेवटी हात पुसत तो म्हणाला. "तुमचं बघा." बिल तीन हजारांच्या वर झाले होते. मी पाकीट काढले तर म्हणाला, "राहू द्या. परत आल्यावर द्या." विनातारण, विनाजामीनदार. इतक्या वर्षांच्या नोकरीत असे कर्ज मी कोणाला मंजूर होताना पाहिलेले नाही.

सल्लागारांची मात्र टंचाई पडली नाही. शेजारचे निवृत्त काका १९७९ साली चेतकवर बायको आणि दोन मुलांना घेऊन महाबळेश्वरला गेले होते. त्या काळी स्कूटरचा नंबर लागायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे मिळाल्यावर ती कुठे तरी न्यावी असे माणसाला वाटणारच. "सुरू झाली नाही तर तिरकी करायची, मग किक," हा त्यांचा मुख्य सल्ला. माझ्या गाडीला तिरके करायची गरज पडत नाही, हे त्यांना सांगण्याचा धीर मला झाला नाही. सांगताना त्यांचा उजवा पाय जमिनीवर किक मारत होता.

भाच्याचा पंथ वेगळा. तो बुलेटवर मित्रांच्या तांड्याबरोबर लडाखला जाऊन आलेला. त्याने मला गुडघ्याच्या वाट्या, कोपराच्या वाट्या, पाठीचे कवच, हेल्मेटवर लावायचा कॅमेरा अशी यादी दिली. बेरीज केली तर ती माझ्या गाडीच्या आजच्या किमतीपुढे जात होती. सौ.ने यादी वाचली. "त्या रमिला लटपटे २०२३ च्या मार्चमध्ये नऊवारी नेसून गेटवेपासून जगाच्या फेरीला निघाल्या मोटारसायकलवर. तुम्हाला कोल्हापूरला इतक्या वाट्या कशाला?" मी म्हटले, चांगले हेल्मेट आणि जाड जॅकेट घेतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुडघ्याच्या वाट्या मात्र तीच ठाण्याहून घेऊन आली. पिशवी टेबलावर ठेवली आणि काही न बोलता कुकर लावायला गेली.

मार्ग ठरवताना मला दुचाकीचे समाजातले स्थान नव्याने समजले. कळंबोलीला पुण्याचा द्रुतगती मार्ग सुरू होतो. २००२ मध्ये तो पूर्ण झाला. तिथे दुचाकीला बंदी. रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि पायी चालणारा माणूस यांच्या पंगतीला आपण. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ चा, तिथे बंदी. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये झाला, तिथेही बंदी. देशात जितका मोठा पूल बांधतात, तितके मला आधी वगळतात. त्याची भरपाई म्हणून की काय, राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही. टोलनाक्याच्या अगदी कडेच्या चिंचोळ्या वाटेने, रांगेतल्या मोटारींकडे बघत फुकट निघून जायचे हे सुख मध्यमवर्गीयाला फार परवडते.

तेव्हा जुना रस्ता. पनवेल, खोपोली, मग बोरघाट. हा घाटरस्ता १८३० चा. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची कथा तिथे सांगतात. वाट सापडल्यावर त्यालाच मारले म्हणे. त्याचे, शिंग्रोबाचे, देऊळ घाटात आहे आणि येणारे-जाणारे तिथे नाणे टाकतात. मी बँकेतून एक रुपयाची दोन नाणी वेगळी काढून ठेवली, एक जायचे, एक यायचे. हेड कॅशियरनी नवीकोरी निवडून दिली. पुढे लोणावळा, देहूरोड, कात्रज, शिरवळ, खंबाटकी, सातारा, कराड, कोल्हापूर. साडेतीनशे किलोमीटरच्या वर. पन्नास-पंचावन्नच्या वेगाने, दर सत्तर-ऐंशी किलोमीटरला चहा. एका टाकीत गाडी पोचते. चहाचा हिशेब वेगळा.

सराव म्हणून मी दोन रविवार पिशवी बांधून ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडला गेलो आणि आलो. पुलावरून खाडीतले रोहित पक्षी दिसतात. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून त्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीतही गेला. घरी येऊन मी उत्साहाने म्हणालो, "बघ, कच्छकडून इथपर्यंत येतात. ना लायसन्स, ना पीयूसी." "येतात," सौ. म्हणाली, "पण थव्याने येतात. एकटा आलेला तुम्ही पाहिलात?" मी पाहिलेला नव्हता.

निघायच्या आदल्या रात्री मी कपाटातली निळी फाइल काढली. बँकेत माझ्याकडे मयत खातेदारांच्या दाव्यांचे टेबल आहे. मृत्यूचा दाखला, नॉमिनीचे ओळखपत्र, दोन साक्षीदार. अलीकडे या अर्जांतल्या वयाच्या रकान्यात माझ्या आसपासचे आकडे वारंवार येतात. आपल्यामागे कोणाला किती हेलपाटे पडतात ते मी रोज पाहतो. म्हणून माझ्या सर्व खात्यांवर नॉमिनीचे नाव व्यवस्थित आहे. फक्त ते कुठे आहे, हे तिला एकदा सांगायचे होते.

ती मेथी निवडत होती. मी सुरुवात हलक्या विषयाने केली. "१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला एकाऐवजी चार नॉमिनी करता येतात."

"चार?" तिने मान वर केली. "बाकीच्या तिघी कोण?"

मी घाईने पुढच्या पानावर गेलो. हा गाडीचा विमा, त्यातच मालक-चालकाचे पंधरा लाख. ही पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूचे दोन लाख. हे प्रॉव्हिडंट फंडाचे. काउंटरवर हे मी दिवसातून दहा वेळा सांगतो आणि माझा आवाज कधी बदलत नाही. तेव्हा जरा बदलला असावा. कारण तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"हे सगळं मिळवायला अर्ज कुठे द्यायचा?"

"शाखेत. दाव्यांच्या टेबलावर."

"ते टेबल तर तुमचंच आहे," ती म्हणाली. "तिथे कोणी नसेल तर अर्ज घेणार कोण? ठेवा ती फाइल. आणि दर चहाला फोन करा."

मी फाइल ठेवली.

पहाटे पावणेपाचला उठलो. चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. तिने हातावर दही घातले, डबा दिला, दोन नाणी खिशात आहेत ना ते चाचपून पाहिले. मी पिशवी घेऊन खाली आलो. मागच्या सीटवर ती बांधायला आकडेवाल्या रबरी दोऱ्या काढल्या, तोवर ती जिना उतरून आली. डोक्यावर तिचे हेल्मेट.

"रबाळ्यापर्यंत येते. पिशवी मी मांडीवर घेते."

"आणि परत?"

"लोकल आहे. एक तर स्टेशन. पाच रुपये." सुटे नाणे तिच्या मुठीत तयार होते.

ठाणे-बेलापूर रस्ता मी इतका रिकामा कधी पाहिला नव्हता. रबाळ्याला ती उतरली. पिशवी सीटवर ठेवली आणि मी दोऱ्या ओढून आकडे अडकवले. तिने पिशवी दोन्ही हातांनी हलवून पाहिली, एक दोरी सोडून पुन्हा वेगळ्या बाजूने अडकवली, परत हलवून पाहिली.

"आता नाही हलणार," ती म्हणाली. "खोपोलीला चहा आणि फोन." आणि ती स्टेशनच्या दिशेने निघून गेली. थोड्या वेळाने ठाण्याकडे जाणारी लोकल ऐकू आली.

मी खिशातून छोटी वही काढली, मीटर पाहिला आणि तारीख घालून लिहिले: ९६,४१८. रबाळे. पाच वाजून अडतीस मिनिटे. मग किक मारली.