वर ठेवलेल्या वस्तू

पुण्याच्या रस्त्यावर हरवलेली वस्तू फार वेळ जमिनीवर राहत नाही. कोणीतरी ती उचलून वर ठेवतं. तान्ह्या बाळाचा एकुलता मोजा बंगल्याच्या फाटकाच्या गजावर चढवलेला दिसतो. किल्ल्यांचा जुडगा डीपीच्या पेटीवर, नाहीतर झाडाला जाहिरात ठोकून उरलेल्या खिळ्याला लटकतो. चष्मा कंपाउंडच्या भिंतीवर असतो, काड्या मिटलेल्या आणि काचा वरच्या बाजूला. म्हणजे ठेवणारा स्वतःही चष्मेवाला असणार. टाकून दिलेल्या वस्तूला हा मान मिळत नाही. फुटका मग, अंगठा तुटलेली चप्पल, झिजून मुठीपर्यंत आलेला खराटा पडले तिथेच पडून राहतात. हरवलेलं कोणतं आणि टाकलेलं कोणतं, हे ओळखायला कुणी कुणाला शिकवलेलं नाही, तरी त्यात सहसा गल्लत होत नाही. मोठ्या माणसाची एकटी चप्पल दिसली तर लोक तिला वळसा घालून जातात. लहान मुलाची दिसली तर कोणीतरी वाकतंच.

सकाळी चालायला जाते तेव्हा मी या दोन्ही प्रकारच्या वस्तूंचे फोटो काढते. साध्या मोबाइलवर. वस्तूला हात लावायचा नाही, ती सरळ करायची नाही, उजेडात सरकवायची नाही, एवढाच नियम. किल्लीचा फोटो जवळून काढत नाही, कारण फोटोवरूनही किल्ली बनवता येते. डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र, पाकिटातून निसटलेला पासपोर्ट साइज फोटो, शाळेची डायरी हेही वर्ज्य. ज्याचं ते पडलं त्याने मला परवानगी दिलेली नसते आणि मागायची तर तो आहे कुठे? किराण्याची यादी मात्र चालते. वर ‘श्री’, खाली तूरडाळ, पोहे, खोबरेल आणि शेवटी वेगळ्या अक्षरात घुसवलेलं चॉकलेट.

असे फोटो कुणाला दाखवले की समोरचा लगेच गोष्ट रचायला बसतो. एका पायातलं पैंजण दिसलं की पळून गेलेली मुलगी आलीच. रिकामी बॅग दिसली की घर सोडून निघालेला म्हातारा. प्रत्येक वस्तूमागे एक कहाणी असते, असं आपण फार सहज म्हणतो. माझा अनुभव उलटा आहे. वस्तू अगदी मुखदुर्बळ असते. पैंजण एवढंच सांगतं की त्याची कडी झिजली होती. पुढचं सगळं आपलं. वस्तूला बोलतं करायचा अधिकार कवीचा. अरुण कोलटकरांनी ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये तो पुरेपूर वापरला. २००४ साली आलेल्या त्या संग्रहात सायकलच्या जुन्या टायरवर कविता आहे आणि खुद्द कचऱ्याचं गाणंही आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने ती ऐट आणू नये. त्याला दिसतं ते एवढंच की वस्तू कुठे आहे आणि कशी ठेवलेली आहे.

पण हे ‘कुठे’ आणि ‘कशी’ थोडं नाही. ज्याच्या हातून वस्तू पडली त्याच्याबद्दल फोटो काहीच सांगत नाही. नंतर तिथून जे जे गेले त्यांच्याबद्दल बरंच सांगतो.

भिंतीवर चष्मा ठेवणारा माणूसच घ्या. सापडलेल्या वस्तूबद्दल आपला कायदा जुना आणि नेमका आहे. १८७२ सालच्या भारतीय करार अधिनियमाचं ७१ वं कलम सांगतं की दुसऱ्याची वस्तू सापडून ती जो ताब्यात घेतो, त्याच्यावर विश्वासाने सांभाळायला दिलेल्या ठेवीसारखी जबाबदारी येते. पुढे १६९ व्या कलमात तर अशी वस्तू विकायची मुभा कधी, याचाही हिशोब आहे. कसून शोधूनही मालक सापडला नाही, किंवा सांभाळायचा रीतसर खर्च द्यायला तो नकार देऊ लागला, आणि वस्तू नासायची भीती असली किंवा तो खर्चच तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला, तर. कायद्याच्या नजरेत माणसं दोनच, वस्तू ताब्यात घेणारा आणि न घेणारा. वस्तू जमिनीवरून उचलून चार फुटांवर ठेवणारा या हिशोबात कुठेच बसत नाही. तो जबाबदारी घेत नाही, पण दुर्लक्षही करत नाही. शिवाय त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे हरवलेलं शोधणारा माणूस आल्या वाटेनेच परत फिरतो. म्हणून तो वस्तू चौकीत नेऊन देत नाही, जवळच्या दुकानातही ठेवत नाही. पडली त्याच जागी, फक्त पायाखालून काढून नजरेच्या उंचीवर आणतो. दोन सेकंदांचं काम. तेवढ्या वेळात त्याने तीन निर्णय घेतलेले असतात: हे टाकलेलं नाही, हे कोणीतरी शोधत येईल, आणि ते त्याला इथे दिसेल.

रस्त्यावरच्या वस्तूंवर नामवंतांनीही काम केलं आहे. ‘व्होग’साठी फॅशनचे फोटो काढणाऱ्या आयर्व्हिंग पेन यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची सिगारेटची थोटकं स्टुडिओत आणली, प्रचंड मोठी करून प्लॅटिनमच्या महागड्या प्रक्रियेने छापली आणि १९७५ मध्ये ती तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात भिंतीवर लागली. थोटकं त्यात पडक्या खांबांसारखी भव्य दिसतात. पण पांढऱ्या पार्श्वभूमीवर रस्ता नाहीसा झालेला असतो आणि रस्त्याबरोबर तिथून गेलेली माणसंही. मला अन्येस वार्दा अधिक जवळच्या वाटतात. कापणीनंतर शेतात उरलेला सरवा वेचणाऱ्यांवर आणि शहरात टाकलेलं वेचून जगणाऱ्यांवर त्यांनी २००० साली माहितीपट केला. त्यात त्या स्वतःही वेचतात. कोणीतरी टाकून दिलेलं, काटे नसलेलं घड्याळ त्या घरी घेऊन येतात. वेचणारा आणि वेचणाऱ्याचं चित्र काढणारा यांच्यात अंतर किती, हा प्रश्न त्यांनी कॅमेऱ्यासमोर, स्वतःलाच विचारला.

मला तो प्रश्न एका कचरावेचक मावशींनी विचारला, आणि तोही फार कमी शब्दांत. खेळण्यातल्या एका मोडक्या हत्तीवर मी वाकले होते. मावशी पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

“फोटोच काढताय ना? मला वाटलं नेताय.”

“नाही, नाही. तुम्हाला हवाय का?”

“नको. याचं काही येत नाही.”

एवढं बोलून त्या पुढे गेल्या. त्यानंतर मी माझे सगळे फोटो पुन्हा चाळले. त्यांत लोखंडाचा तुकडा जवळपास नव्हता. पुठ्ठा नव्हता, पाण्याची बाटली नव्हती, पत्र्याचा डबा नव्हता, तांब्याची वायर तर नाहीच. ज्याचं काही येतं ते मी पोचायच्या आधीच उचललेलं असतं. मला वाटायचं की नजर माझी, निवड माझी. प्रत्यक्षात पहिली निवड आमच्या भागातल्या बायका करतात आणि त्यांनी नाकारलेल्यातून मी माझं वेचते.

त्यांची ही नजर म्हणजे कसब आहे आणि या शहराला त्याचा इतिहासही आहे. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३ मध्ये उभी राहिली. संघटनेच्या नावातच त्यांच्या मालाची यादी आहे. पुढे २००८ मध्ये महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. भंगाराच्या दुकानात कशाला काय भाव आहे, कोणतं प्लास्टिक चालतं आणि चांदीसारखं चकाकणारं वेष्टन का चालत नाही, हे त्यांना चालता चालता, न वाकता कळतं. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून ते कोणी घेत नाही, म्हणून ते रस्त्यावर राहतं, म्हणून ते माझ्या फोटोत असतं.

न उचललेल्याचीही एक तवारीख बनते. पूर्वी दुभाजकावरच्या झुडपांत कॅसेटची तपकिरी फीत अडकून वाऱ्यावर हलत असायची, ती गेली. २०२० नंतरची दोन वर्षं एका कानाची दोरी तुटलेले निळे मास्क पायात येत होते; तेही गेले. आता एका कानातला इअरबड सापडतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून. दोन्ही बंद्यांचे निकाल पाहायला अहवाल उघडावा लागत नाही. कोणत्याही पानटपरीपासून पन्नास पावलं चालावं आणि पायाखाली बघावं.

काही वस्तू मात्र हरवलेल्या नसतात आणि टाकलेल्याही नसतात. दिवाळीची आवराआवर झाली की पिंपळाच्या पारावर देवांच्या तसबिरी येऊन बसतात. काच तडकलेला दत्त, रंग उडालेली लक्ष्मी, चौकट सुटलेले गजानन महाराज. घरात ठेववत नाहीत आणि कचऱ्याच्या बादलीत घालवत नाहीत, म्हणून निर्णय झाडावर सोपवलेला असतो. पुलांच्या कठड्यांना उंच जाळ्या लावल्या, तर निर्माल्याच्या पिशव्या जाळीच्या पायथ्याशी जमू लागल्या. शनिवारी दुकानाच्या दारावर नवी लिंबू-मिरची चढते आणि जुनी रस्त्यावर येते. तिकाटण्यावर उतारा दिसतो, पत्रावळीवर भात, त्यावर गुलाल, अंडं, नारळ, कधी काळी बाहुली. कोणाच्या तरी घरात ताप उतरत नसतो, धंदा बसलेला असतो. हे शहर एरवी कशाचंही काही वाटून घेत नाही. पण उताऱ्यापाशी स्कूटरवाला चाक वळवतो, शाळेत निघालेली पोरं एकमेकांना मागे ओढतात आणि मीसुद्धा, कशावर विश्वास नसताना, पाऊल लांब टाकते. अशा उताऱ्याच्या फोटोत मधोमध भात असतो आणि त्याच्याभोवती सगळ्यांनी मिळून ओलांडायचं टाळलेलं रिकामं वर्तुळ.

ते वर्तुळ रोज कोणीतरी ओलांडतं. झाडूवाल्या बाईला उतारा टाळायची सोय नाही. तिच्या हद्दीत पडलं ते तिने उचलायचं. दृष्ट कोणाची, बाधा कोणाची हे विचारायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे काम कोणाच्या वाट्याला आलं आणि कोणाच्या वाट्याला आलं नाही, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांच्या भीतीचा निपटारा तिच्या खराट्याने होतो आणि आठच्या सुमाराला चौक सगळ्यांसाठी पुन्हा मोकळा होतो.

माझ्या मोबाइलमध्ये आता फोटो वस्तूंप्रमाणे लावलेले नाहीत. चपला एकीकडे, खेळणी एकीकडे असं पूर्वी होतं. आता वर उचललेल्या वस्तू, वळसा घातलेल्या वस्तू आणि काही येत नाही म्हणून राहिलेल्या वस्तू, असे गठ्ठे केले आहेत. पैकी पहिला गठ्ठा पाहुण्यांना फार आवडतो. फाटकाच्या गजावरचा मोजा पाहून मंडळी विरघळतात. माणुसकी अजून शिल्लक आहे, वगैरे म्हणतात. आहेच. फक्त ती मोजायची पद्धत जरा सोयीची आहे. वर्षातून एखाद्या दिवशी एक मोजा उचलणाऱ्या अनोळखी माणसाचं आपल्याला कौतुक वाटतं, आणि दररोज सकाळी आपल्याच दारातून आपलंच सगळं उचलणाऱ्या बाईला आपण ओला आणि सुका वेगळा करूनही देत नाही. फुटलेली काच कागदात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ असं लिहून देणं हेही दोन सेकंदांचंच काम आहे. त्यातही तेच तीन निर्णय आहेत: हे कोणाच्या तरी हातात जाणार आहे, तो हात दिसणारा नसला तरी आहे, आणि त्याला ते वेळेत दिसलं पाहिजे.