दोन बेस आणि चिमूटभर कणीक

गॅदरिंगमध्ये गाणाऱ्याला शिट्ट्या मिळतात, लीड गिटारवाल्याला 'वन्स मोअर' मिळतो आणि बेसवाल्याला एकच प्रश्न मिळतो, "तुझ्या गिटारला दोन तारा कमी कशा रे?" चारच असतात बाबांनो! पण त्या चार तारा थांबल्या की अख्खं गाणं पोकळ वाटतं, हे मात्र सगळ्यांना कळतं.

मागच्या वर्षी पास होऊन जाणारे दोन सीनियर आपापले बेस विकायला निघाले. भाव सारखाच. सुट्टीत गंगाखेडला दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशात एकच बसत होता. एक होता 'प्रिसिजन' घाटाचा, दुसरा 'जॅझ' घाटाचा. दोन्ही नकलाच, पण मूळ आराखडे लिओ फेंडरचे. हा गृहस्थ शिकला अकाउंटिंग, दुकान टाकलं रेडिओ दुरुस्तीचं, आणि 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव प्रिसिजन. जॅझ बेस आला 1960 मध्ये. त्याची मान वरच्या टोकाला बारीक, सुमारे दीड इंच. प्रिसिजनची साधारण पावणेदोन. माझ्यासारख्या आखूड बोटांच्या माणसाला हा पाव इंच म्हणजे आख्खा सेमिस्टर!

खरी गंमत पिकअपमध्ये आहे. (मेकॅनिकलवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) 1957 पासून प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत आहे, दोन-दोन तारांना एकेक. दोन्ही कॉइल उलट्या गुंडाळलेल्या, चुंबकंही उलटी. त्यामुळे बाहेरची भणभण एकमेकांत कटते आणि तारांचा आवाज शिल्लक राहतो. जॅझमध्ये दोन वेगळे पिकअप, त्यातला एक पार ब्रिजजवळ. दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले तर भणभण कटते, एक कमी केला की सुरू. आणि आपल्याकडची लाईन 50 हर्ट्झची! जाड 'ई' तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा 'जी' 49 हर्ट्झचा. म्हणजे एमएसईबी माझ्यासोबत किंचित बेसूर वाजवते.

आवाजाचं म्हणाल तर प्रिसिजन गोल, भरीव, छातीत बसणारा. डेट्रॉईटच्या मोटाउनमध्ये जेम्स जेमर्सनने 1960च्या दशकात त्यावर जे वाजवलं, ते आजही शिकायला पुरून उरतं. जॅझचा आवाज धारदार, प्रत्येक सूर सुटा. जॅको पास्टोरियसने तर फ्रेट नसलेला जॅझ बेस माणसासारखा गायला लावला. त्याची 1976ची पहिली रेकॉर्ड ऐकून मी दोन दिवस माझ्या वाद्याला हात लावला नव्हता.

दोन्ही बेस चार दिवसांच्या बोलीवर घरी नेले. आमचे अण्णा भजनात पखवाज वाजवतात. जनाबाईंचं गाव, तेव्हा एकादशीचं भजन चुकत नाही. बेस गिटारवर त्यांचा राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. आधी जॅझ लावला, ब्रिजचा पिकअप एकटाच. अण्णा म्हणाले, "आवाज चांगलाय रे, पण हे भणभण कमून करायलंय?" डोक्यावर जुनी ट्यूबलाईट होती. मग प्रिसिजन लावला. ते काहीच बोलले नाहीत, पाटीवरचं गणित तपासावं तसं ऐकत राहिले.

एकादशीला मंडळींनी प्रिसिजनसह बसू दिलं. पहिल्याच अभंगात घोटाळा. पखवाजाची डावी बाजू आणि माझा बेस एकाच जागेत घुसत होते. नुसता गडगडाट, दोघंही ऐकू येईनात. जॅझ असता तर तो बाजूने निघून गेला असता, हे मला तेव्हाच कळत होतं. "उद्या हे परत नेऊन दे," असं अण्णा म्हणणार म्हणून मी आवाज कमी करत होतो.

ठाऊक असेल, पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात. वजन वाढलं की कंपनं मंदावतात, सूर खाली जातो. (व्हायब्रेशनच्या तासाला कुणीही हे उदाहरण दिलं नाही!) अभंग संपला. अण्णांनी पुडीवरून चिमूटभर कणीक काढली, थाप मारून पाहिली, अजून थोडी काढली. डावी बाजू वर सरकली आणि खाली माझ्यापुरती जागा झाली. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हं, वाढव आता."

प्रिसिजन ठेवून घेतला. जॅझ सीनियरला परत दिला, बोटं अजून कुरकुरतात. काढलेली कणीक अण्णांनी सकाळी गायीला घातली.