जाताना लहान, येताना मोठी

आमच्या औंधच्या घरात परदेश म्हणजे दुबईहून येणारा जावयाचा फोन. जावई तिथं सेंट्रिंगचं काम करतात. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये माझी लेक सहा वर्षांच्या नातीला घेऊन महिनाभरासाठी त्यांच्याकडे गेली. कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती, नियम मात्र कडक होते. लेकीला 48 तासांतला आरटीपीसीआर अहवाल लागला, शिवाय मुंबई विमानतळावर आणखी एक चाचणी. नातीला काहीच लागलं नाही. दुबईच्या नियमात 12 वर्षांखालच्या मुलांना सूट होती.

नोव्हेंबरमध्ये आमच्या मालकांचा दमा बळावला. साताऱ्याला दवाखान्यात ठेवलं. "पोरीला बोलवा," एवढंच ते म्हणत. लेकीनं तिकीट काढलं. तिकीटवाला म्हणाला, "लहान मुलांना चाचणी नसते." जाताना लागली नव्हती, म्हणून तिनंही मान हलवली. स्वतःचा अहवाल घेऊन विमानतळावर पोचली, तर नातीसाठी अडवली. भारतात येणाऱ्यांसाठी आपल्या सरकारचा नियम वेगळा होता. सूट फक्त 5 वर्षांखालच्या मुलांना. बाकी सगळ्यांना 72 तासांतला अहवाल हवा, आणि तो 'एअर सुविधा' या सरकारी संकेतस्थळावर भरायला हवा. जाताना लहान असलेली आमची नात महिन्याभरात मोठी ठरली!

लेक फोनवर रडायला लागली. मी म्हटलं, "बाई, रडू नको. आधी पोरीची चाचणी कर." चाचणी झाली, अहवाल आला, उसनवारी करून नवं तिकीट काढलं. यात दोन दिवस गेले. ती औंधला पोचली, त्याच्या आदल्या दिवशी तिचे वडील गेले.

नियमावर माझा राग नाही. रोगाला लहान-मोठं कळत नाही. राग आहे तो आमच्यावरच. लेक बारावी शिकलेली. नियम छापलेला होता, पण आम्ही ऐकीव शब्दावर विसंबलो.

ते नियम आता उठले. एअर सुविधाही नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाली. पण आपली माणसं पोटासाठी आखातात जातच राहणार. उद्या दुसरा रोग आला, तर दुसरे नियम येतील. म्हणून भगिनींनो, एवढं ध्यानात ठेवा. जाताना नियम त्या देशाचा, येताना आपल्या देशाचा. दोन्ही स्वतः वाचा, आणि प्रत्येक मुलाचं वय सांगून विचारा.

आमच्या घरात आता कुठलाही कागद आला, की नात तो आधी मोठ्यानं वाचते. मग आम्ही सही करतो.