बर्फ, मीठ आणि मध

संत्र्यांच्या गावात राहून संत्रं तोंडाला लावायचं नाही! मामींची केमो सुरू झाल्यापासून तोंड सोलवटलंय, म्हणून आंबट बंद, सावजीचा तर वासही नको. भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक उपाय ठेवून जातो: जाईची पानं, हळदीचा लेप, तुरटी. तुरटी मी दारातूनच परत पाठवली. हुळहुळलेल्या तोंडाला ती आणखी आवळते.

चालतं ते अगदी साधं. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा. जेवणानंतर आणि झोपताना हलकेच खुळखुळून थुंकायचं. दुसरा उपाय बर्फाचा. केमोचं फाइव्ह-एफयू शिरेतून झटकन देतात, त्याच्या जरा आधीपासून अर्धा तास मामी बर्फाचे तुकडे तोंडात घोळवतात. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, औषध तोंडाच्या अस्तरापर्यंत कमी पोचतं. मे महिन्यातल्या नागपुरात ह्याला कोण नाही म्हणेल! पण ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर थंड सोसत नाही, म्हणून आधी डॉक्टरांना विचारायचं.

मधाचा उल्लेख तज्ज्ञांच्या 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आहे, पण तोंड-घशाला किरणं घेणाऱ्यांसाठी. मामींना किरणं नाहीत, बरणी फडताळातच.

सल्ले देण्यात सगळ्यांत पुढे कोण, तर दिवसभर पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारा त्यांचा भाचा. मामी म्हणाल्या, "माझं राहू दे बाप्पा, आधी तुझं तोंड उघडून दाखव." तीन बोटंही आत जाईनात. गुरुवारी त्याला शासकीय दंत महाविद्यालयात नेते.