दोन उशांची खुर्ची

काकूंनी गुडघ्याच्या एक्स-रेचं पाकीट न उघडताच माझ्यापुढे सरकवलं. "गादी झिजलीय. वंगणही संपलंय म्हणे. आता शेक द्या, मशीन लावा, काय ते करा." वय बासष्ट. साताऱ्यात पोळी-भाजीचे डबे करतात, रोज सकाळी चार तास ओट्यापाशी उभ्या. दोन वर्षांत गच्चीवर गेलेल्या नव्हत्या. सतरा पायऱ्या आहेत. पापड वाळत घालायला शेजारची मुलगी वर जाते, हे सांगताना त्यांचा आवाज जरा पडला.

फिजिओथेरपीच्या कामात मला सर्वांत जास्त झगडावं लागतं ते ‘झीज’ या शब्दाशी. आपल्याकडे झिजणं एकाच दिशेनं जातं. चप्पल झिजते, उंबरा झिजतो, सहाणेवर चंदन झिजतं, आणि घरासाठी बाई झिजते. झिजलेली वस्तू जपून वापरायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणून माणूस गुडघा जपायला लागतो. जिना टाळतो, जमिनीवर बसणं सोडतो, बाजार मुलाला आणायला सांगतो. मग मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो. पाऊल टेकताना बसणारा धक्का त्यानं झेलायचा असतो, तो आता सांध्याला सोसावा लागतो. दुखणं वाढतं आणि माणूस आणखी जपतो.

पण गुडघा म्हणजे चप्पल नव्हे. हाडांच्या टोकांवरची ती गुळगुळीत कूर्चा जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. भार पडला की ती दबते, भार उतरला की सांध्यातला द्रव शोषून घेते, आणि त्यातूनच तिला पोषण मिळतं. काकूंना मी म्हटलं, "तिचा डबा हालचालीवरच पोचतो. तुम्ही बसून राहिलात की तो चुकतो." हे त्यांना लगेच कळलं. गेलेली कूर्चा व्यायामानं परत येत नाही, हेही मी त्याच दिवशी सांगितलं. पण कूर्चेला वेदनेच्या नसाही नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूचे बंध. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ नेहमी बसत नाही. वाईट फिल्म घेऊन खुशाल गड चढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि बऱ्यापैकी फिल्म असूनही रात्र जागून काढणारीही.

व्यायाम तसे साधेच असतात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं. कसब आहे ते मात्रेत. सुरुवातीच्या वर्षांत मी सगळ्यांना सात व्यायामांचा एकच छापील कागद द्यायचो. तो बहुतेकांच्या फ्रिजवर चिकटलेला राहायचा. आता मी खुर्चीपासून सुरू करतो. काकूंना हात न टेकता उठता येईना, म्हणून खुर्चीवर दोन उशा ठेवल्या. बैठक उंच झाली आणि त्या उठल्या. उठताना गुडघा आत कलत होता. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायला शिकवलं. बसताना धपकन बसायचं नाही, चार आकडे मोजत खाली जायचं. सावकाश खाली जातानाही ताकद तयार होते, आणि जिना उतरताना लागते ती हीच. दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा दहा. एक दिवसाआड.

दुखेल का? दुखेल, आणि ते आधीच सांगितलेलं बरं. शून्य ते दहात पाचापर्यंत दुखलं तर चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी ते पहिल्या जागी आलं पाहिजे. मला खरा निकाल दुसऱ्या दिवशीच्या सकाळीच कळतो. काकूंना मी डब्यांच्या हिशेबाच्या वहीत तारखेपुढे रोज सकाळचा आकडा लिहायला सांगितला.

तिसऱ्या आठवड्यात एक उशी निघाली. आणि त्याच आठवड्यात साखरपुड्याची ऑर्डर आली. दोन दिवस काकू अकरा-अकरा तास उभ्या होत्या. वहीत सात, सात, आठ. फोनवर म्हणाल्या, "व्यायामानं वाढलं हो. बंद करते." बहुतेक लोक इथेच सुटतात. मी त्यांना वही घेऊन यायला सांगितलं आणि आकड्यांशेजारी ऑर्डरीची तारीख दाखवली. काढलेली उशी परत ठेवली. दहाचे सहा केले, पण थांबवलं नाही. दुखण्याच्या दिवसात व्यायाम पूर्ण बंद केला की त्या दिवसापुरतं बरं वाटतं, आणि जुनी भीती मात्र पक्की होते. पाच दिवसांनी आकडा चारावर आला, आणि पुढे ती उशी पुन्हा निघाली.

व्यायामाला मी जादू म्हणत नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात शंभराच्या मापावर दुखणं सरासरी बाराएक गुणांनी उतरलं होतं. २०२४ मध्ये १३९ चाचण्या पुन्हा तपासल्या, तेव्हा फायदा त्याहून जपूनच मांडला गेला. सरासरी तेवढीच आहे. पण २०२० मध्ये अमेरिकेत १५६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत वर्षअखेरीस सांध्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शनपेक्षा फिजिओथेरपी घेतलेल्यांचं दुखणं कमी होतं, हेही मी रुग्णांना सांगतो. काहींना शेवटी शस्त्रक्रिया लागतेच. तीही बळकट मांडी घेऊन गेलेली चांगली.

दहाव्या आठवड्यात काकू आल्या त्या वही उघडीच धरून. आदल्या दिवसापुढे ‘१७’ लिहिलं होतं. त्या दिवसापुढे ‘३’.

"कठड्याला धरून गेले," त्या म्हणाल्या. "उतरताना दोनदा थांबले."

मी दुसरी उशी काढून कपाटात ठेवली. त्यांनी नुसत्या खुर्चीकडे पाहिलं, साडीचा घोळ सावरला, आणि बसताना मोठ्यानं मोजायला लागल्या.