रोम, डोंब, ठाकर, चित्रकथी : नाव ठेवणारे आणि नाव सांगणारे

१/ मालवण किनाऱ्यापासून थोडे आत, कुडाळलगत पिंगुळी हे गाव आहे. रामायण-महाभारतातील प्रसंग रंगवलेल्या कागदांच्या पोथ्या समोर धरून कथा सांगणारा ठाकर समाज येथे राहतो. कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही त्यांचाच. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. या लोकांना काय म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. तो समजण्यासाठी आधी युरोपात जाऊ.

२/ मध्ययुगाच्या अखेरीस युरोपात पोहोचलेले रोम लोक इजिप्तहून आले, असा तेथील लोकांचा समज झाला. त्यातून इंग्रजीत ‘जिप्सी’ आणि स्पॅनिशमध्ये ‘गितानो’ ही नावे रूढ झाली. फ्रेंचांनी त्यांना बोहेमियाचे मानून ‘बोएमियाँ’ म्हटले. दोन्ही तर्क चुकीचे होते. नावे मात्र टिकली.

३/ तिसरे नाव अधिक जाचक ठरले. बायझन्टाईन साम्राज्यात ‘अथिंगानोई’ नावाचा एक पाखंडी मानला गेलेला पंथ होता. या शब्दाचा अर्थ ‘स्पर्श न करणारे’. तेच नाव रोम लोकांना चिकटले आणि जर्मनमध्ये ‘त्सिगॉयनर’ झाले. पुढे आउश्वित्झ छावणीत त्यांच्या हातावर याच शब्दाचे आद्याक्षर गोंदले गेले.

४/ त्यांचे स्वतःचे नाव ‘रोम’. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ त्याचा उगम संस्कृत ‘डोम’ किंवा ‘डोंब’ या शब्दात पाहतात. आपल्या ‘डोंबारी’ शब्दातही तोच डोंब आहे. रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’, माणसाला ‘मानुष’ आणि काळ्याला ‘कालो’ म्हणतात. मालवणी माणूसही ‘काळो’ असेच म्हणतो.

५/ काही नावे धंद्यावरून पडली. कढया-भांडी घडवणारे ते ‘काल्देराश’, अस्वले खेळवणारे ते ‘उर्सारी’. पिंगुळीचे नाते येथे जुळते. ‘चित्रकथी’ हे कलेचे नाव; ठाकर हे समाजाचे. बाहेरून पाहणाऱ्याला कला आधी दिसते, म्हणून कलेचे नावच माणसाला दिले जाते.

६/ हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. महाराष्ट्राच्या यादीत ‘चित्रकथी’ ही भटकी जमात आहे, तर ‘ठाकर’ ही अनुसूचित जमात. दाखल्यावर कोणता शब्द लिहिला जातो, त्यावर शिष्यवृत्ती, प्रवेश आणि नोकरी अवलंबून असते.

७/ त्यात भूगोलाचीही अट होती. १९५६ च्या आदेशानुसार ठाणे, नाशिक, कुलाबा, पुणे आणि अहमदनगर या पाच जिल्ह्यांतील ठरावीक तालुक्यांतच ठाकर हे अनुसूचित जमात मानले गेले. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता, म्हणजे यादीबाहेर. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही क्षेत्रमर्यादा उठवली.

८/ तरी शंका उरली, कारण ‘ठाकूर’ ही अनेक जातींत पदवी आहे आणि आडनावही. म्हणून पडताळणी समित्या ‘आप्तभाव चाचणी’ घेत : दैवते कोणती, लग्नविधी कसे, बोली कोणती? शहरात वाढलेल्या मुलाला ही उत्तरे आली नाहीत, तर त्याचे ठाकरपणच संशयात येई. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ही चाचणी जमात ठरवण्याची निर्णायक कसोटी नव्हे.

९/ रोम प्रतिनिधींनी ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ पहिली जागतिक परिषद भरवली, परक्यांनी ठेवलेली नावे नाकारली आणि ‘रोम’ हे नाव स्वीकारले. त्यांच्या ध्वजावर चक्र आहे.

१०/ पिंगुळीत अशी परिषद भरली नाही. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभारले आणि त्याला नाव दिले ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या पाटीवर कलेच्या आधी समाजाचे नाव आहे. पिंगुळीला जाल, तेव्हा पोथीतील चित्रे जरूर पाहा. पण ती दाखवणाऱ्याला ‘चित्रकथी’ म्हणण्यापूर्वी, तो स्वतःला काय म्हणवतो, हे एकदा विचारा.